वस्तऱ्याखालचा चेहरा

पंचवीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून एकाच माणसाला खोल कापलं गेलं. तो माणूस बोलू शकत नव्हता, त्यामुळे त्यानं तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढं कित्येक दिवस वाटत राहिलं.

बोरी अरबला बाजाराच्या रस्त्यावर माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे. सोमवारी ते बंद असतं. त्या दिवशी सकाळी सामानाची पिशवी घेऊन मी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात दाढ्या करायला जातो. तिथं पंचवीस-तीस म्हातारी माणसं राहतात. निम्म्यांना चालता येतं, बाकीची पलंगावर नाहीतर चाकाच्या खुर्चीवर. दिवसा एक सिस्टर असते, आंघोळी घालायला दोन मावश्या, आणि माणसांना उचलून ठेवायला एक धिप्पाड मामा. डॉक्टर गुरुवारी येतात, सगळ्यांना बघतात आणि जातात.

तिथं एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना ड्रायव्हरबाबा म्हणायचो. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. एकच शब्द तोंडात राहिला होता, ‘चला’. जेवलात का विचारलं तरी चला, थंडी वाजते का विचारलं तरी चला. पहिल्या पहिल्यांदा आम्हाला हसू यायचं. नंतर त्या शब्दाकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही.

मला ते आवडायचे, कारण त्यांना दाढी आवडायची. ब्रश गालाला लागला की ते डोळे मिटून मान मागं टाकायचे. दाढी झाल्यावर डाव्या हातानं गाल चाचपून पाहायचे. एखादा केस राहिला असला तर बोट तिथंच थांबायचं, आणि मी हसून परत वस्तरा लावायचो.

कापूस वेचणीचे दिवस होते. मामा शेतावर गेला होता, म्हणून बाबांना पलंगावरून खुर्चीत बसवायला एका बाजूनं मावशी आणि एका बाजूनं मी असे लागलो. मामा असला तरी हे काम मी बरेचदा करायचो. बगलेत हात घालायचा, दंड धरायचा आणि एका झटक्यात उचलायचं. त्या दिवशी त्यांनी मान मागं टाकली नाही. डोळेही मिटले नाहीत. मला वाटलं, रात्री झोप झाली नसेल. उजवा गाल झाला. डावा गाल करायला मी उजवीकडूनच पुढं वाकलो, माझं कोपर त्यांच्या उजव्या खांद्यावर टेकलं, आणि त्यांचा डावा हात खालून एवढ्या जोरात आला की मला समजलंच नाही. माझं मनगट त्यांनी पकडलं आणि ढकललं. वस्तरा जबड्याच्या कडेला रुतला.

पांढऱ्या फेसावर रक्त आलं. आधी रेघ दिसली, मग ती फुटली आणि मानेवरून कापडावर वाहायला लागली. त्यांची मान माझ्या हाताखाली होती, आणि वस्तरा अजून माझ्याच हातात होता. मी तो जमिनीवर टाकला. कापसाचा बोळा दाबला, तो भिजला, दुसरा दाबला. बाबा माझ्याकडे बघत होते आणि म्हणत होते, ‘चला, चला, चला.’

सिस्टर धावत आली. ती पुसदकडच्या एका तांड्यावरची मुलगी, जेमतेम चोवीस-पंचवीसची. नोकरीला लागून तिला सातेक महिने झाले असतील. तिनं माझा हात बाजूला केला आणि आपला दाबला. तिची बोटं थंडगार होती. गावातल्या डॉक्टरनं येऊन तीन टाके घातले. व्यवस्थापक बाबांच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले, रक्ताकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पुढच्या वेळी हात बांधून घेत जा.’ बाबांच्या कागदावर ‘हिंसक’ असं लिहिलं गेलं. गुरुवारी डॉक्टरांनी लकव्यामुळे डोकं बिघडलं असं लिहून झोपेची गोळी वाढवली.

घरी येऊन मी जेवलो नाही. वस्तरा दोन बोटं खाली गेला असता तर, हे डोक्यातून जाईना. त्यांचा मुलगा नागपूरला असतो. तो आला तर काय सांगू, पोलिसात गेला तर काय, गावात लोक म्हणतील या माणसानं म्हाताऱ्याची मान कापली. बायको म्हणाली, ‘नका जाऊ आता तठी. कोनी बलावलं तुमाले?’ दुसऱ्या दिवशी दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाला साबण लावला आणि वस्तरा उचलला, तो गालापर्यंत नेता येईना. मी त्याला म्हटलं, थांबा, ब्लेड बदलतो. ब्लेड नवीनच होतं.

पुढच्या सोमवारी मी गेलो, ते फक्त न गेल्यावर लोक काय म्हणतील या भीतीनं. बाबांचे दोन्ही हात पट्टीनं खुर्चीच्या दांड्यांना बांधले होते. लकव्याचा हातही बांधला होता. टाक्यांची बाजू सोडून मी दाढी करायला लागलो. बांधलेल्या माणसाच्या गळ्यावर वस्तरा चालवणं कसं असतं, हे मला सांगता येणार नाही. मी श्वास धरून एकेक रेघ ओढत होतो.

आमच्या धंद्यात चेहऱ्याची कातडी एका हातानं ताणून धरावी लागते. माणूस निवांत असला तर गाल सैल असतो, बोटाखाली सरकतो. आतून काही होत असलं तर तोच गाल लाकडासारखा होतो. हे डोळ्यांच्या आधी बोटांना समजतं. बाबांचा गाल वस्तऱ्याखाली सैल होता. मला त्याचं नवल वाटलं. वस्तऱ्याला ते भीत नव्हते.

मग मामानं त्यांना खुर्चीत नीट बसवायला म्हणून उजव्या दंडाला धरून वर ओढलं, आणि माझ्या बोटाखाली तो गाल दगड झाला. भुवया जवळ आल्या. वरचा ओठ ताणला जाऊन दात दिसले. श्वास थांबला. थंडीचे दिवस, तरी कानशिलावर घाम आला. मामानं हात सोडला तसा चेहरा हळूहळू उतरला. डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की मी नजर फिरवली.

हा राग नव्हता. दुखणं होतं. आणि त्या दंडाला मी कितीतरी सोमवार धरून ओढत आलो होतो.

मी काहीच बोललो नाही. सामान पिशवीत भरलं आणि घरी आलो. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा भीतीच मोठी होती. मी न्हावी माणूस. डॉक्टरनं लिहिलं आहे की लकव्यामुळे डोकं बिघडलं, आणि मी जाऊन सांगणार की खांदा दुखतो? सिस्टरला वाटलं असतं, आपलं काम नीट नाही असं हा म्हणतो. व्यवस्थापक म्हणाले असते, कापलं ते झाकायला बहाणा काढला. आणि खरंच तसं तर नाही, अशी शंका मलाही यायची. आपल्या हातून कापलं म्हणून आपण कारण शोधतो आहोत.

त्या आठवड्यात एक ओळखीचा शेतकरी केस कापायला आला. मानेला गळू झालं होतं. मी कापड टाकलं, ते गळवाला लागलं आणि आरशात त्याचा चेहरा दिसला. त्याच भुवया, तोच ओठ, तसाच थांबलेला श्वास. तो मात्र लगेच म्हणाला, ‘हळू ना भाऊ, जीव घेतं का?’ त्याला बोलता येत होतं, एवढाच फरक.

सोमवारी मी दाढ्यांना हात लावण्याआधी औषधांच्या खोलीत गेलो. सिस्टर गोळ्यांच्या वाट्या भरत होती.

‘सिस्टर, एक गोष्ट सांगू का? रागावू नका.’

‘सांगा ना, भाऊ.’

‘ड्रायव्हरबाबाचा उजवा खांदा दुखून राह्यला, असं मले वाटते.’

तिनं आधी दाराकडे पाहिलं. ‘कोनं सांगतलं तुमाले?’

‘कोनं नाई. त्यायच्या चेहऱ्यावरून. मामानं हात ओढला का चेहरा बदलते.’

‘तो लकव्याचा हात आहे. त्यात जीवच नाई म्हनतात सगळे.’

‘जीव नसता तं घाम काहून आला असता?’

बाबांचा कागद काढून तिनं माझ्यासमोर धरला. मला त्यातलं अर्धं वाचता येत नव्हतं, पण एक ओळ तिनं बोटानं दाखवली. दुखल्यास गोळी द्यावी, असं डॉक्टरांनी कधीच लिहून ठेवलं होतं. पुढं रोजचे चौकोन होते. सगळे रिकामे. तिनं पान उलटलं. मागच्या महिन्याचेही रिकामे.

‘मी रोज विचारते, भाऊ,’ ती म्हणाली. ‘बाबा, दुखते का? ते म्हनतात, चला. मी पुढच्या पलंगापाशी जाते.’

एवढं बोलून ती स्टुलावर बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘किती दिवसांपासून असन?’ मला माहीत नव्हतं. आठवून पाहिलं तर दिवाळीच्या आधीपासूनच ते मान पूर्वीएवढी मागं टाकत नव्हते, पण हे मी तिला लगेच सांगू शकलो नाही.

तिला गोळी द्यायचीही भीती वाटत होती. साधीच गोळी होती, आपण तापाला घेतो ती. पण त्यांनी मागितली नाही, आपण आपल्या मनानं कशी द्यायची, उद्या काही झालं तर कोणाचं नाव येईल? ती तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. शेवटी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘लिहिलं तं आहे. दुखल्यास लिहिलं आहे. सांगतल्यास असं नाई लिहिलं.’

तिनं असं केलं. मामाला सांगितलं की बाबांना एकदा नेहमीसारखं उठवून बसव, आणि समोरून मोबाइलवर त्यांच्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढला. मग गोळी दिली. मला म्हणाली, आधी बाकीच्यांच्या दाढ्या करा, बाबांना सगळ्यांत शेवटी घ्या. तासाभरानं मी त्यांच्यापाशी आलो, तेव्हा ती हाताच्या पट्ट्या सोडत होती.

‘सिस्टर, सोडता कायले? राहू द्या.’

‘बांधलेला माणूस कसा आहे, ते कसं कळन?’

मी वस्तरा हातात घेतला आणि ठेवला. परत घेतला. बाबांचा डावा हात मांडीवर मोकळा होता. जबड्यावर टाक्यांची लाल खूण होती. मी ब्रश लावला, गाल ताणून धरला आणि पहिली रेघ ओढली. हात उठला नाही. दुसरी ओढली. गाल सैल होता. सिस्टर समोर मोबाइल धरून उभी होती. मामानं त्यांना परत सरळ केलं, आता तिनं सांगितल्याप्रमाणे कमरेला चादर घालून. भुवया जवळ आल्या, पण आधीएवढ्या नाहीत. दात दिसले नाहीत.

गुरुवारी डॉक्टर आले तेव्हा मी दुकानात होतो. काय झालं ते तिनं संध्याकाळी फोन करून सांगितलं. तिनं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले होते, ‘सिस्टर, आता औषधं न्हाव्याला विचारून द्यायची का?’ तिनं मोबाइल पुढं केला. त्यांनी दोन्ही व्हिडिओ पाहिले, मग पहिला परत पाहिला. मग बाबांपाशी गेले, सदरा काढायला लावला आणि दोन्ही खांद्यांवर बोटं ठेवून पाहिली. उजव्या खांद्याच्या हाडाखाली दोन बोटं जातील एवढी खाच होती.

एक्स-रेसाठी त्यांना यवतमाळला नेलं. लकव्यानं मेलेल्या हाताचं वजन खांद्यावर लटकत राहतं, सांधा हळूहळू खाली उतरतो. त्यात वरून कोणी तो हात धरून ओढला की जास्तच. बाबांचा सांधा उतरला होता, आणि दंडाच्या हाडाला जुनी चीरही होती. सिस्टरनं हे मला औषधांच्या खोलीत सांगितलं. कोण ओढत होतं, हे तिनं विचारलं नाही.

मीच म्हटलं, ‘मी बी ओढतो, सिस्टर. दर सोमवारी.’

‘आमी सगळेच ओढतो, भाऊ.’

डॉक्टरांनी झोपेची गोळी आपल्या हातानं खोडली. दुखण्याची गोळी दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी लिहिली. विचारायचं नाही, द्यायची. हाताखाली उशी, बसवताना हात अडकवायला गळ्यात झोळी, आणि त्या दंडाला कोणी हात लावायचा नाही.

सगळे म्हणाले, बरं झालं, सापडलं. मला मात्र त्यानंतर जास्त भीती वाटायला लागली. मारेगावकडचे एक बाबा होते, ड्रायव्हरबाबांच्याही आधीचे. कोणालाही त्रास न देणारे. वर्षभर मी त्यांची दाढी केली. ते दाढी करताना दात आवळून धरायचे आणि श्वास थांबवायचे. मी त्यांची हनुवटी धरून म्हणायचो, ‘बाबा, तोंड ढिलं सोडा, असं दाबून ठेवलं तं लागन.’ मला वाटायचं, ब्लेडची धास्ती आहे. ते वारले. नंतर मावशी बोलता बोलता म्हणाली होती की त्यांच्या पाठीच्या हाडात गाठ होती, शेवटी शेवटी समजलं. तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं. आता रोज आठवायला लागलं. बावन्न सोमवार ते माझ्या हाताखाली दात आवळून बसले होते, आणि मी त्यांना तोंड ढिलं सोडा म्हणत होतो.

हे मी सिस्टरला एकदा सांगितलं. तिनं माझं समाधान वगैरे केलं नाही. म्हणाली, ‘मग आता पाहा, भाऊ. तुमी माणसाच्या एवढ्या जवळ, एवढा वेळ असता. मी दहा मिनिटांत दहा पलंग करते. जे दिसन ते सांगत जा.’

तसं सुरू झालं. दाढ्या आटोपल्या की मी औषधांच्या खोलीच्या दारात उभा राहायचो आणि सांगायचो, आज कोणाचा गाल ओढलेला होता, कोण मान वळवू देत नव्हतं, कोणाला घाम आला. ती ऐकायची, एका वहीत लिहायची, मग स्वतः जाऊन बघायची. हे काम मला कधी सोपं वाटलं नाही. माझ्या सांगण्यावरून कोणाच्या पोटात औषध जाणार, या विचारानं जीभ जड व्हायची. एकदा मी एका बाबांबद्दल खात्रीनं सांगितलं की यांचं काहीतरी फार दुखतं आहे. सिस्टरनं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. काही नव्हतं. मुलगा येतो म्हणाला होता आणि आला नव्हता, म्हणून ते तोंड आवळून बसले होते. मी तिला म्हटलं, आता मी सांगत नाही काही. ती म्हणाली, ‘चुकलं तरी सांगा. मी पाहीन ना.’ त्याच महिन्यात दुसऱ्या एका बाबांच्या खालच्या जबड्यावर माझा अंगठा टेकला आणि ते कळवळले. दाढेच्या मुळाशी पू निघाला. तीन दिवस ते जेवत नव्हते, आणि त्यांना भूक नाही असं सगळ्यांनी धरलं होतं.

ड्रायव्हरबाबा दोन-तीन आठवड्यांत बदलले. परत डोळे मिटायला लागले. आंघोळ घालताना ते मावशीला मारायचे, तेही थांबलं. लोक म्हणायला लागले, बाबा शांत झाले. त्या शांतपणामुळेच पुढं घोटाळा झाला.

उन्हाळ्यात सिस्टरच्या भावाचं लग्न होतं. ती दहा दिवस तांड्यावर गेली, आणि तिच्या जागी एक वयानं मोठ्या सिस्टर आल्या. दवाखान्यात आयुष्य गेलेल्या, हाताला फार चांगल्या. त्यांनी बाबांना दोन दिवस पाहिलं आणि गोळ्या बंद केल्या. मी सोमवारी गेलो तर बाबा कूलरसमोर बसले होते, डाव्या हातानं उजवं कोपर उचलून धरून. मी जवळ गेलो तसे अंग चोरून मागं सरकले. गाल दगडासारखा होता. त्या दिवशी मी त्यांना वस्तरा लावलाच नाही.

मी मोठ्या सिस्टरांपाशी गेलो. ‘मॅडम, ड्रायव्हरबाबाची गोळी...’

‘शांत माणूस आहे. कायले पोटात औषधं भरायची? मूत्रपिंडं जातात यायनं.’

‘ते गोळीनं शांत होते, मॅडम.’

‘भाऊ, तुम्ही दाढी करा.’

मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. त्या चुकीचं वागत नव्हत्या. त्यांना खरंच बाबांची काळजी होती, आणि त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त समजत होतं. मी पिशवी उचलली असती आणि निघालो असतो तर कोणी काही म्हटलं नसतं. ऊन एवढं होतं की समोरचा रस्ता हलताना दिसत होता. मग मारेगावच्या बाबांचे ते आवळलेले दात डोळ्यांसमोर आले, आणि मी आमच्या सिस्टरला फोन लावला.

पलीकडे बँड वाजत होता. तिच्या आईचा आवाज आला, तांड्यावरच्या गोरबोलीत काहीतरी विचारत असलेला. ‘याडी, थांब,’ असं ती आईला म्हणाली आणि आवाजापासून लांब गेली. मी सांगितलं.

‘फोन त्यायच्याकडे द्या, भाऊ.’

‘मी कसा देऊ? त्या मोठ्या आहेत.’

‘मले बी भेव वाटून राह्यलं. द्या तुमी.’

मी आत गेलो आणि मोबाइल पुढं धरला. मोठ्या सिस्टरांनी आधी माझ्याकडे आणि मग मोबाइलकडे पाहिलं. त्यांनी तो घेतला. आमची मुलगी काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. या बाजूनं फक्त ‘हं’ आणि ‘केव्हाचा?’ आणि परत ‘हं’. मग त्यांनी फोन मला परत दिला, बाबांपाशी जाऊन सदऱ्याची बटणं काढली आणि खांद्याच्या त्या खाचेत आपली बोटं ठेवली. बाबांचे दात दिसले. मोठ्या सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि गोळी व पाण्याचा पेला घेऊन आल्या.

निघताना त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, आता बोलणी बसतील. त्या म्हणाल्या, ‘एक्स-रेचा कागद फाइलमध्ये सगळ्यात खाली होता.’ आणि मग, ‘पुढच्या सोमवारी येता ना?’

सुटीवरून आल्यावर आमच्या सिस्टरनं बाबांच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं, ‘गोळीमुळे शांत आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.’ एक्स-रेचा कागद तिनं सगळ्यात वर लावला. आता कोणी नवीन येतं तेव्हा ती आधी त्यांना बाबांपाशी नेते, चादर घालून कसं उठवायचं ते करायला लावते आणि चेहऱ्याकडे बघा म्हणते. परवा यवतमाळहून आलेल्या दोन शिकाऊ मुलींना तिनं माझ्या बाजूला उभं केलं होतं. काय सांगायचं ते मला समजेना, म्हणून मी एकीचा हात धरून बाबांच्या गालावर ठेवला आणि म्हटलं, हा सैल आहे, हे ध्यानात ठेव. ओढलेला असला तर वेगळा लागते.

या थंडीतली गोष्ट. सकाळी ऊन व्हरांड्यात आलं होतं, बाबांची खुर्ची उन्हात लावली होती, हाताखाली उशी होती. मी उजवा गाल केला, गळ्याखालचं केलं, आणि डाव्या गालाकडे वळताना त्यांची मान एका बाजूला कलंडली. हाक मारली. उत्तर नाही. वस्तरा माझ्या हातात होता आणि त्यांचं डोकं माझ्या तळव्यावर जड पडलं होतं. मागच्याच गुरुवारी दुखण्याच्या गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं होतं. मला काही सुचेना. वस्तरा खाली ठेवून मी बोट त्यांच्या नाकाखाली धरलं, पण फेस ओला होता, काही समजेना. मी सिस्टरला हाक मारली, ती हाक सगळ्या आश्रमात गेली.

ती पळत आली. तिच्याही चेहऱ्यावर माझ्यासारखीच भीती होती. तिनं छातीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, ओठ हलवत श्वास मोजले. पूर्ण मिनिट. मग बाबांच्या डाव्या तळहातावर हळूच थोपटलं. त्यांनी डोळे उघडले, आम्हा दोघांकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि परत मिटले.

‘झोपले आहेत,’ ती म्हणाली. ‘श्वास चांगला आहे. साधे झोपले आहेत, भाऊ.’ तरी ती गेली नाही. पाच मिनिटांनी तिनं परत मोजले, वहीत लिहिले, डॉक्टरांना फोन करून सांगितलं, आणि मगच पुढच्या पलंगाकडे गेली.

मी खुर्चीशेजारी उभा राहिलो. अर्ध्या चेहऱ्यावर साबण वाळत चालला होता. ब्रश ओला करून मी परत फेस लावला, गालावर बोट ठेवलं आणि तो सैल आहे याची खात्री करून डावी बाजू करायला घेतली.